कापलंय न्हवं?

आमच्या शाहूपुरीतल्या मैत्रिणी महिन्यातून एकदा भिशीला जमतात. चहा येईपर्यंत सगळ्या माझ्याकडे बघत बसतात. एक शाळेत होती, तिच्याकडे पोरांचे किस्से. एक दवाखान्यात होती, तिच्याकडे पेशंटांचे. पण चालतात माझेच, आणि माझ्याकडे आहेत पगाराच्या स्लिपांचे! उचगावजवळच्या एका फौंड्रीत मी सतराएक वर्षं टाइम ऑफिसात काढली. दीडशे माणसांच्या स्लिपा बनवायच्या, वाटायच्या आणि वर्षातून एकदा फॉर्म सोळा द्यायचे, एवढंच काम. एकही किस्सा मी मुद्दाम गोळा केला नाही. माझ्या टेबलासमोर गजांची एक छोटी खिडकी होती, तिच्यातून ते आपापले आत आले.

तुम्हाला वाटत असेल पगाराचा दिवस म्हणजे आनंदीआनंद. मलाही नोकरीला लागेपर्यंत तसंच वाटायचं. प्रत्यक्षात एवढी घाबरलेली माणसं मी दहावीच्या निकालालासुद्धा बघितली नाहीत. लोखंडाचा लाल रस हातभर अंतरावरून ओतणारे गडी, पण तो कागद हातात घेताना त्यांची बोटं थरथरायची. त्यावर काय लिहिलंय ते कळायचं नाही आणि विचारायची भीती वाटायची.

आणि मीही भित्रीच. आधीच सांगून ठेवते.

* * *

बाळाप्पाची ओळख पहिल्यांदा करून देते, कारण तो मध्ये मध्ये येणार आहे.

बाळाप्पा भट्टीवर कामाला होता. गाव सीमेकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीत बोलणं कमीच. मी लागले त्या वर्षी माझ्या खिडकीवर जो येई तो एकच विचारी, "आक्का, ह्ये का कापलं?" पीएफ का कापला? व्यवसाय कर का कापला? एकजण तर म्हणाला, "आमचा कसला आलाय व्यवसाय? आमी काय डाक्टर हाय व्हय?" मी सगळ्यांना समजावून समजावून दमलेली. तेवढ्यात बाळाप्पा पुढे आला.

"आक्का, कापलंय न्हवं?"

मला वाटलं, हा आणखी एक भांडायला आला. मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "काय कापलंय?"

"इम्याचं."

"हो, कामगार विम्याचं कापलंय. नियमच आहे तो."

"बरं झालं, आक्का!" म्हणाला आणि स्लिपची घडी घालून, टोपीत ठेवून निघून गेला.

मी पेन खाली ठेवलं. रांगेतला पुढचा माणूस हळूच म्हणाला, "त्येच्या बायकोच्या काळजाची झडप खराब हाय, आक्का. इम्याच्या कार्डावर औषधपाणी चाललंय तिचं."

तेव्हा मला कळलं. विम्याचा नियम असा, की पगार एका ठरावीक मर्यादेच्या आत असेल तोवरच कपात होते, आणि कपात होते तोवरच कार्ड चालतं. पगार मर्यादेच्या वर गेला की कपात बंद, आणि मग कार्डही बंद. बाकी सगळी माणसं कपातीला भ्यायची. हा एकटा कपात थांबायला भ्यायचा. दर महिन्याला खिडकीवर यायचा आणि तेवढंच विचारायचा, "कापलंय न्हवं?" मी हो म्हणेपर्यंत खिडकीचा गज सोडायचा नाही.

* * *

मग आला कंप्युटर.

तोवर स्लिप म्हणजे हातानं लिहिलेली चार बोटांची चिठ्ठी. कंप्युटरवरची स्लिप वहीच्या पानाएवढी झाली आणि तिच्यावर चौदा रकाने. पहिल्या महिन्यात प्रिंटरनं कर्र कर्र करत दीडशे स्लिपा ओकल्या, मी कौतुकानं त्या फाडल्या, कॅशियरनं स्लिपेवरचा आकडा बघून पाकिटं भरली, आणि वाटून मोकळे झालो.

चार वाजता गेटवरचा शंकर आला. त्याचा नंबर यादीत सगळ्यात शेवटचा. हातात रिकामं पाकीट. अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "आक्का, ह्या म्हैन्यात समदंच कापलंय व्हय?"

मी स्लिप बघितली आणि मूळ यादी समोर ओढली. सगळी यादी एका ओळीनं वर सरकली होती! एक नंबरला दोन नंबरचा पगार, दोनला तीनचा, आणि शेवटच्या शंकरला शून्य. कॅशियर इतका प्रामाणिक, की त्यानं शून्य बघून पाकिटात शून्य रुपये घातले होते.

पण खरी गंमत पुढेच. अर्ध्या लोकांना पैसे कमी गेले होते, आणि शंकर सोडून कुणी तक्रारीला आलं नव्हतं! एकाला मी विचारलं, "अहो, तुम्हाला चारशे कमी आले, बोलला का नाहीत?"

"कापलं असतील म्हटलं. इचारायला गेलं की आनी कापत्यात!"

मी हसले नाही. कारण त्याच वेळी खिडकीबाहेर भिंतीला टेकून बाळाप्पा जमिनीवर बसलेला दिसला. त्याच्या कागदावर शेजारच्या माणसाचे आकडे आले होते, आणि विम्याच्या रकान्यात शून्य होतं. दुपारपासून तो तिथंच बसला होता. मी धावत जाऊन सांगितलं, "बाळाप्पा, माझी चूक झाली. तुमचं कापलंय, कापलंय!" त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला.

त्या दिवसापासून मी माझ्याच हातच्या कागदाला भ्यायला लागले.

* * *

मोठ्या स्लिपेचा खरा फायदा झाला तो गेटबाहेरच्या वडेवाल्याला. लोक पाकिटातले पैसे काढून घ्यायचे आणि स्लिप तिथंच टाकायचे. घरी न्यायची सोय नव्हती, बायको ओव्हरटाइम बघेल ना! वडेवाला त्या गोळा करून त्यातच वडे बांधून द्यायचा. त्यामुळे कुणाचा पगार किती, हे उचगावात चटणीबरोबर कळायचं.

आमचे वर्क्स मॅनेजर देसाईसाहेब एके दिवशी पाचच्या सुमाराला असाच एक वड्याचा कागद घेऊन माझ्या खिडकीशी आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, हे काय आहे?"

"वड्याचं तेल, साहेब."

"तेल नाही, आकडा बघा, आकडा!"

ती स्लिप भट्टीवरच्या नामदेवची. दोन महिने मागणी जोरात होती, नामदेवनं ओव्हरटाइमचा सपाटा लावला होता. आणि देसाईसाहेबांचा टॅक्स, घराचं कर्ज, सोसायटी सगळं कापून हातात जे पडायचं, त्यापेक्षा नामदेवच्या हातात जास्त पडलं होतं. साहेब म्हणाले, "हे माझ्या घरी कळता कामा नये." आणि नामदेवला बोलावणं पाठवलं.

नामदेवला आपण काय गुन्हा केलाय हे माहीत नव्हतं. साहेबांच्या टेबलावर आपली स्लिप आणि तिच्यावर वड्याचा डाग, एवढंच त्यानं बघितलं. दोन्ही हात जोडून म्हणाला, "चुकलं, सायेब. परत कंदी वडा खानार न्हाय!"

* * *

फॉर्म सोळाचं पहिलं वर्ष कुणीच विसरणार नाही. जुन्या करारातला फरक एकदम मिळाला आणि पाच-सहा कामगार पहिल्यांदाच टॅक्समध्ये आले. टॅक्स म्हणजे किती, तर कुणाचे दीडशे, कुणाचे दोनशे. ते कापले, भरले, आणि त्याचा दाखला म्हणून प्रत्येकाला फॉर्म सोळा दिला. दोन पानं, सगळं इंग्रजी, खाली सही-शिक्का.

साचे बनवणाऱ्या तुकाराम मोल्डरनं तो कागद उलटासुलटा करून बघितला. त्याला दोनच गोष्टी वाचता आल्या. एक स्वतःचं नाव, दुसरं इन्कमटॅक्स. दुसऱ्या दिवशी तुकाराम कामावर नाही!

झालं होतं असं, की त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, "माझं नाव वर गेलंय. आता कवाबी येतील." बायकोचं चार तोळे सोनं फडक्यात बांधलं, भाकरीच्या डब्यात खाली घातलं, वर भाकऱ्या रचल्या आणि सकाळच्या एसटीनं गारगोटीला बहिणीचं घर गाठलं. बहीणही घाबरली. तिनं दारं लावून घेतली.

दाजी शाळामास्तर. त्यांनी कागद बघितला आणि हसत हसत ट्रंक उघडली. आतून असल्याच कागदांचा गठ्ठा काढला. "तुकाराम, हे आम्हाला बारा वर्षं मिळतंय. हा टॅक्स भरल्याचा दाखला आहे. कुणी येत नाही, जात नाही. निवांत चहा घे."

तुकारामानं तो गठ्ठा बघितला, बहिणीकडे बघितलं, आणि डबा परत उचलला.

"बारा वर्सं तुमचं नाव वर हाय, दाजी? मग तुमच्यात सोनं ठेवनं लई धोक्याचं हाय की!"

दुपारच्या एसटीनं सोनं परत उचगावात.

* * *

लग्नसराईत माझी खिडकी म्हणजे सोयरिकीचं ऑफिस व्हायची. मुलीकडचे लोक आधी मुलाची स्लिप मागायचे, आणि स्लिपेवर विश्वास नसला तर थेट माझ्याकडे यायचे.

आमच्या मशीनशॉपमधला एक मुलगा, सुरेश, स्थळ पक्कं व्हावं म्हणून दोन महिने जिवाच्या आकांतानं राबला. रविवार नाही, सण नाही. स्लिप अशी झाली की बघत राहावं. राधानगरीकडून मुलीचे वडील आले. धोतर, कोट, हातात छत्री. सुरेश लांब खांबाआड उभा, चेहऱ्यावर घाम.

"आक्का, ह्यो कागद खरा हाय न्हवं?"

"खरा आहे, पाहुणे. मीच छापलाय."

पाहुण्यांनी चष्मा लावला आणि एकेक रकाना बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतला. हजर दिवस किती? ओव्हरटाइमचे तास किती? मी वाचत गेले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"न्हाय जमायचं."

"का हो? पगार कमी वाटला?"

"पगार झ्याक हाय. पर ह्यो गडी घरी कवा असतोय? माझ्या पोरीनं संसार काय ह्या कागदासंगं करायचा?"

सुरेश खांबाआडून आला तो रडवेला होऊन. पुढच्या महिन्यात एक तासही ओव्हरटाइम केला नाही, स्लिप घेऊन स्वतः राधानगरीला गेला, आणि तीच मुलगी बायको करून आणली.

* * *

ओव्हरटाइमवरून आठवलं, बाळाप्पा.

एका दिवाळीच्या आधी देसाईसाहेब तणतणत आले. "तुमचा तो बाळाप्पा! भट्टीवर माणसं कमी आहेत आणि हा एक तास जादा थांबत नाही. उलट महिन्यात दोन-दोन दिवस बिनपगारी रजा टाकतो. काढून टाकीन म्हणून सांगा त्याला!"

मी बाळाप्पाला बोलावलं. कारण विचारलं. त्यानं टोपीतून जुन्या स्लिपा काढल्या. सगळ्या नीट घडी घातलेल्या. एका स्लिपेवर 'एकूण वेतन' या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आकडा लाइनीला टेकलाय, आक्का. ओव्हरटाइम केला की वर जातोय. वर गेला की कार्ड बंद. गंगव्वाचं औषध बंद."

गंगव्वा म्हणजे त्याची बायको. पुढं तिच्या झडपेचं ऑपरेशन मुंबईला करायचं घाटत होतं, तेही विम्यातूनच होणार होतं. बाहेर करायचं तर आयुष्यभराचा पगार पुरला नसता.

मी कपाळावर हात मारला. "बाळाप्पा, अहो, मर्यादेत ओव्हरटाइम धरतच नाहीत! तो वेगळा. तुम्ही कितीही ओव्हरटाइम करा, कार्डाला काही होत नाही."

त्यानं रकान्यावरचं बोट उचललं. आठ महिने त्यानं ओव्हरटाइम सोडला होता. आठ महिने घरात कशी ओढाताण झाली असेल, ते त्याच्या गालांवरून दिसतच होतं. मला वाटलं, आता चिडेल, कंपनीच्या नावानं शिव्या देईल. त्यानं एवढंच विचारलं, "तुमी नक्की वाचलंय न्हवं?"

"हो, वाचलंय."

"ओळ सरकली न्हाय न्हवं?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच भीतीनं विचारत होता. तो गेल्यावर मी ते इंग्रजी नियमाचं पुस्तक उघडलं आणि ती ओळ खाली पट्टी धरून तीनदा वाचली.

* * *

एक किस्सा मध्येच घालते, नाहीतर पुढचा मला सांगवणार नाही.

दोन हजार सालानंतर पगार वाढले आणि सुपरवायझर लोक टॅक्स वाचवायच्या मागे लागले. घरभाड्याची पावती दिली की टॅक्स कमी बसतो. जानेवारीत सगळ्यांना कागद दिले, घरमालकाचं नाव लिहा, पावत्या जोडा. पेंटिंगचे सुपरवायझर संपतराव यांनी भाड्याची रक्कम लिहिली, पावत्या आणल्या, पण घरमालकाचं नाव कोरं!

जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कुणी नाही असं बघून ते आले.

"बाई, नाव लिहायलाच पाहिजे?"

"पाहिजेच. कुणाचं आहे घर?"

त्यांनी दाराकडे बघितलं. "सासऱ्यांचं."

"मग लिहा की! भाडं देताय ना?"

"दर महिन्याला देतो. पण हा कागद कुठं कुठं जातो?"

"आधी ऑडिटरकडे. लागलाच तर इन्कमटॅक्सच्या साहेबांकडे."

"साहेब कुठले असतात?"

"कुठलेही असतात. लांबलांबचे."

"आणि आमच्या गावाकडचं कोण निघालं तर? त्याला कळणार, संपतराव सासुरवाडीत राहतोय. घरजावई झालाय!" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. कागद त्यांनी माझ्यासमोर टराटरा फाडला. "कापा टॅक्स! पूर्ण कापा!"

तेव्हापासून दर मार्चमध्ये त्यांचा टॅक्स सगळ्यात जास्त, आणि मान सगळ्यात ताठ.

* * *

आता शेवटचा. हा मी भिशीत एकदाच सांगितला होता.

नवा वेतनकरार झाला. गेटवर गुलाल उधळला, पेढे वाटले, हलगी कडाडली. माझ्याही तोंडात कुणीतरी पेढा कोंबला. तो गिळायच्या आत बाळाप्पा खिडकीवर.

"आक्का, मला वाढ नगं."

मी नवा पगार काढून बघितला. ओव्हरटाइम नाही, काही नाही, नुसता मूळ पगारच मर्यादेच्या वर गेला होता. किती, तर साठ-सत्तर रुपये! मी त्याला देसाईसाहेबांकडे घेऊन गेले. वाढ नको म्हणणारा माणूस साहेबांनी जन्मात बघितला नव्हता. आधी ते हसले. मग कारण ऐकलं आणि हसणं थांबलं. पण करार सगळ्यांचा होता, एकट्याचा पगार मागे ठेवता येत नव्हता.

गंगव्वाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पुढच्या नोव्हेंबरची, म्हणजे वर्षभर लांब.

मी पुस्तक घेऊन बसले. नियम सापडला. मधूनच मर्यादा ओलांडली तरी कपात मार्चअखेर चालू राहते, आणि कपात थांबल्यावरही कार्ड पुढं नऊ महिने, डिसेंबरअखेरपर्यंत चालतं. म्हणजे नोव्हेंबर आत बसत होता! विम्याच्या ऑफिसात जाऊन मी दोनदा विचारून आले. तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, नियम तसाच आहे. काळजी करू नका." मी बाळाप्पाला सांगितलं. पण घरी गेल्यावरही मी बोटांवर महिने मोजत बसायचे. मी वाचलेलं चुकलं असेल तर? तारखेचं गणित चुकलं असेल तर? मुंबईच्या दवाखान्याच्या खिडकीवर कुणी म्हणालं की कार्ड बंद आहे, तर ती बाई तिथून कुठं जाणार? एकदा माझी यादी एका ओळीनं सरकली होती. या वेळी सरकली तर परत पाकीट भरून देता येणार नव्हतं.

एप्रिलची स्लिप निघाली. विम्याच्या रकान्यात शून्य, आणि या वेळी ते शून्य खरं होतं.

बाळाप्पानं ते बघितलं. खिशातून नोटा आणि चिल्लर काढून खिडकीत मांडली. दर महिन्याला कापली जायची तेवढीच बरोबर रक्कम.

"ह्ये घ्या. हातानं कापा."

"असं कापता येत नाही, बाळाप्पा. कार्ड डिसेंबरपर्यंत चालू आहे. मी सांगितलंय ना."

"मग लिवून द्या."

मला लिहून द्यायचा काहीएक अधिकार नव्हता. मी टाइम ऑफिसातली कारकून. पण त्याचा चेहरा बघवेना. त्याच स्लिपेच्या मागं मी लिहिलं, 'कार्ड ३१ डिसेंबरपर्यंत चालू.' खाली सही केली. त्यानं कागद निरखून बघितला.

"शिक्का?"

माझ्याकडे शिक्का एकच होता, 'पगार पोचला' असा. तोच मारला. बाळाप्पाचं समाधान झालं. मी मात्र नोव्हेंबरपर्यंत दर पगाराला ते पुस्तक उघडून तीच ओळ वाचत राहिले.

नोव्हेंबरात तो गंगव्वाला घेऊन मुंबईला गेला. पहिले आठ दिवस काही खबर नाही. गेटवर फोन वाजला की मी हातातलं टाकून उठायचे. मग पंधरा दिवस झाले. पगाराचा दिवस आला, गेला. बाकी सगळ्या स्लिपा वाटल्या, एक ड्रॉवरमध्ये राहिली. घरी सासूबाई विचारायच्या, "ताटात अन्न का टाकतेस?" त्यांना काय सांगणार? ज्या जैन घरात मुंगीला जपतात, त्या घरातल्या सुनेनं एका बाईचा जीव कारकुनी शिक्क्यावर ठेवला होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी खिडकीबाहेर दोन सावल्या पडल्या. एक बाळाप्पाची. दुसरी बारीक, डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. ऑफिसच्या तीन पायऱ्या ती न थांबता चढून आली. मी खुर्चीवरून उठलेच.

"गंगव्वा?"

ती नुसती हसली. बाळाप्पानं टोपीतून माझी ती स्लिप काढली. हळदीकुंकवानं माखलेली. सहा-सात महिने देव्हाऱ्यात होती, मग त्याच्या खिशातून मुंबईला गेली होती.

"तिथं दाखवली?" मी विचारलं.

"कुनी मागितलीच न्हाय, आक्का. कार्ड बघितलं आनी आत घेतलं. पर खिशात होती म्हनून धीर होता."

मी खाली बसले. डोळ्यांना पदर लावला. तो कागद त्यानं उलटा करून माझ्यासमोर ठेवला, लिहिलेली बाजू वर, आणि बोट ठेवलं.

"डिसेंबर संपत आला. फुडचं लिवा."

"बाळाप्पा, कार्ड आता बंद होणार. ते माझ्या हातात नाही. माझ्या लिहिण्यानं काही होत नसतं."

"कार्डाचं ऱ्हाऊ द्या. गोळ्या वाढीव पगारातनं भागत्यात. तिचं लिवा."

"तिचं काय लिहू?"

"आता पंचेचाळीस चाललंय तिला. ऐंशीपातूर लिवा."

गंगव्वानं त्याला कोपरानं ढोसलं. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. "ऐंशी नगं, आक्का. ह्ये तवर टिकत न्हाईत, मी एकटी काय करू? दोघांची एकच तारीख लिवा."

मी पेन हातात घेतलं. स्लिप समोर सरळ केली. बाळाप्पा गजांना धरून वाकून बघत होता.

"आनी आक्का, शिक्का इसरू नगा."